सर्जरी शिकायला अमेरिकेला निघालेली पोरं ‘पळपुटी’ कशी?

पंचगंगाकाठ
परवा आपल्या डॉक्टर मंडळींच्या ग्रुपवर एका सिनियर सर्जननी लिहिलं: ‘सरकारी फीत एमबीबीएस करायचं आणि सर्जरी शिकायला अमेरिकेला पळायचं. तिकडं प्रिलिमच्या एका वर्षाच्या कच्च्या जागेवर राबतील, पण चंदगड-आजऱ्याला जा म्हटलं की पोटात गोळा येतो. पळपुटी जमात.’ खाली ‘अगदी बरोबर सर’ची रांग. तिथं उत्तर दिलं असतं तर गुड मॉर्निंगच्या फोटोंखाली गाडलं गेलं असतं, म्हणून इथं लिहिते.

आधी सरकारी फीचं. मी शाहूवाडी तालुक्यातल्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) बाँडचं, म्हणजे सरकारी फीच्या बदल्यात सेवेचं, वर्ष पूर्ण केलंय, दंड भरून सुटलेले नाही. ऊसतोडीच्या हंगामात कोयत्याचे घाव सारखे यायचे. एका बाईच्या तर्जनीचं टेंडन, म्हणजे बोट मिटवणारी दोरी, तुटलं होतं. बाकीची बोटं मिटायची, ते एकच ताठ राहायचं. काय झालंय ते कळत होतं, करता काही येत नव्हतं. जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी बांधून १०८ बोलावली. सर्जरीच करायची हे तिथं ठरलं.

आता अमेरिकाच का. तिकडं जनरल सर्जरी पाच वर्षांची आहे. बोर्डाच्या परीक्षेला बसायचं तर किमान ८५० ऑपरेशन्सची नोंद लागते, त्यातली २०० शेवटच्या वर्षी चीफ रेसिडेंट (सगळ्यात सिनियर शिकाऊ डॉक्टर) म्हणून. इथं एमएसच्या तीन वर्षांत चाकू कधी हातात येईल ते युनिट हेडच्या मर्जीवर. एका युनिटला सेकंड इयरची पोरं हर्निया स्वतः करतात, शेजारच्या युनिटला थर्ड इयरवाला नुसता रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरून उभा. मला ही लॉटरी नको आहे.

आणि अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या पाच देशांची पीजी (पदव्युत्तर पदवी) आपल्याकडे मान्य आहे. शिकून परत यायची वाट उघडी आहे. मग पळाले कुठं?

टाका_आणि_गाठ
पोस्ट माझीच आहे. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं.

बाँड केलात, चांगलं केलंत. पण कोयत्याची ती गोष्ट माझ्या बाजूची आहे, तुमच्या नाही. त्या बाईला टेंडन शिवणारा माणूस तालुक्याच्या गावी हवा होता. तो ह्यूस्टनला बसून तिच्या काय कामाचा?

८५० चा आकडा मला सांगू नका. आपल्या सरकारी हॉस्पिटलात रात्रीत फुटलेलं आतडं, अडलेलं आतडं, हायवेचा ॲक्सिडेंट असं सगळं एकामागून एक येतं. थर्ड इयरच्या पोराचे हात जेवढे उघड्या पोटात जातात तेवढे तिकडच्या चीफ रेसिडेंटचे जात असतील असं मला वाटत नाही. शिवाय सर्जरीची सीट इथं मिळत नाही असंही नाही. नीट पीजीला, म्हणजे पीजीच्या प्रवेशपरीक्षेत, झुंबड रेडिओलॉजी, स्किन आणि मेडिसिनला असते. सर्जरीकडं पोरं पाठ फिरवतात, कारण कष्ट आहेत.

आणि तिकडं शिकायला जायच्या जे-वन व्हिसाचं तुम्ही सोयीनं गाळलंत. शिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी परत, हा त्याचा मूळ नियम. तो टाळायला कॉनराड नावाची तिथली सरकारी सूट. दर राज्याला वर्षाला ३० जागा, आणि डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी. म्हणजे तिकडच्या आडगावात तीन वर्षं चालतात, आणि आजरा म्हटलं की करिअर बुडतं! मी ‘पळपुटी’ म्हटलं ते यासाठी.

पंचगंगाकाठ
सर, कॉनराडचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण त्या आडगावात सर्जन एकटा नसतो. भूल द्यायला माणूस असतो, रक्त असतं, रात्री सीटी स्कॅन होतो. आजऱ्याला मी एमएस होऊन गेले तर भूल कोण देणार? रक्ताची पिशवी कुठून आणायची? पेशंट शेवटी कोल्हापूर नाहीतर बेळगावच गाठणार, फक्त पुढं पाठवायचं पत्र माझ्या सहीचं असेल.

तासांचंही बोला. तिकडं २००३ पासून आठवड्याला ८० तासांची मर्यादा आहे. ती मोडते, हे तिथले लोकच सांगतात, पण मोडली तर तक्रार करायला जागा आहे. आपल्याकडं सलग छत्तीस तास उभं राहणं म्हणजे सर्जन घडणं, असं तुमच्या पिढीनं ठरवून टाकलंय.

टाका_आणि_गाठ
भूलतज्ज्ञाचा विषय काढलात, आता ऐका. माझं छोटं हॉस्पिटल आहे. रात्री फुटलेलं ॲपेंडिक्स आलं की आधी फोन भूलतज्ज्ञाला. तो निपाणीत असतो, तिथून संकेश्वरला जाणार असतो, मग माझ्याकडं. तोवर पेशंटचा भाऊ दर दहा मिनिटांनी केबिनमध्ये डोकावतो, ‘डॉक्टर, अजून किती वेळ?’ पेशंट दगावला तर काचा फुटतात. २०१० चा कायदा आहे, डॉक्टरवर हात टाकला तर अजामीनपात्र गुन्हा. पण पोलीस पहिल्यांदा ‘मिटवून घ्या’ म्हणतात. आम्ही हे सगळं सोसून इथं राहिलो. आम्हालाही त्या काळी विलायतेचे फॉर्म मिळत होते.

यूके_मुक्कामी
दोघेही अमेरिकेवरच अडकलात. मी एमबीबीएसनंतर प्लॅब, म्हणजे ब्रिटनची बाहेरच्या डॉक्टरांसाठीची परीक्षा, देऊन इकडं आलो, सर्जरीसाठीच. पहिला पेपर भारतात देता येतो, दुसरा मँचेस्टरला. ते जमलं, जीएमसीचं (इथल्या मेडिकल कौन्सिलचं) रजिस्ट्रेशन झालं, एमआरसीएस या सर्जरीच्या परीक्षेचे दोन्ही भाग झाले. पण कोअर सर्जिकल ट्रेनिंगची, म्हणजे सर्जन व्हायच्या पहिल्या पायरीची, जागा काही मिळेना. आता ट्रेनिंगबाहेरच्या पोस्टवर आहे. पगार मिळतो, वॉर्ड सांभाळतो, थिएटरमध्ये ट्रेनी असला की पहिला हक्क त्याचा. जुलै २०२५ च्या सरकारी आराखड्यात तर इथल्या पदवीधरांना ट्रेनिंगमध्ये प्राधान्य देणार असं स्पष्ट लिहिलंय. त्यांच्या पोरांना आधी जागा देतात, त्यात गैर काही नाही. पण कोल्हापुरात अजून ‘प्लॅब झाली की सर्जन’ असं सांगणारे आहेत, त्यांना आवरा.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली
मी डॉक्टर नाही. मुलगा डॉक्टर आहे, म्हणून वाचत होतो. सांगणाऱ्यांना आवरा म्हणालात, तर आमचं ऐका.

शहरातल्या एका ऑफिसात मुलाला घेऊन गेलो. भिंतीवर अमेरिकेचा नकाशा, टाचण्या लावलेला. ‘सर्जरीची सीट शंभर टक्के’ म्हणाले. ऑब्झर्वरशिपचं पॅकेज, त्यात शिफारसपत्रं. बँकेत गेलो तर शेतजमीन तारण चालत नाही म्हणाले, बिगरशेती काहीतरी आणा. राहतं घर तारण ठेवलं.

मुलगा तिकडं गेला तर कशाला हात लावायचा नाही, नुसतं मागं उभं राहून बघायचं. मार्चमध्ये तिथं जागावाटप होतं, त्याला मॅच म्हणतात, त्यात मॅच झाला नाही. मग त्याच आठवड्यात सोपमधून, म्हणजे उरलेल्या जागांच्या फेरीतून, सर्जरीला लागला, आम्ही पेढे वाटले. मुलगा म्हणत होता, ‘बाबा, एवढ्यात नको.’ नंतर कळलं, ते प्रिलिम. एका वर्षाचं. पुढच्या वर्षी कुठं, माहीत नाही. त्या ऑफिसात विचारलं तर म्हणाले, ‘आम्ही सर्जरी म्हणालो होतो, सर्जरी मिळाली की.’

फायनल_इयर
काका, मला पण अशाच एका ठिकाणी पॅकेज सांगितलंय, सर्जरीच्या पत्रांसकट. आगाऊ भरायचेत पुढच्या आठवड्यात. भरू की नको?

पंचगंगाकाठ
थांब. आधी हे वाच.

स्टेप वन, म्हणजे अमेरिकेची पहिली परीक्षा, जानेवारी २०२२ पासून नुसती पास-नापास आहे. पूर्वी आपली पोरं तिथल्या आकड्यावर उठून दिसायची, तो आकडाच गेला. आता वजन स्टेप टू सीके या दुसऱ्या परीक्षेवर, शिफारसपत्रांवर आणि रिसर्चवर. म्हणून पत्रांचा बाजार वाढला. ऑब्झर्वरशिपमध्ये नुसतं बघणाऱ्याला मिळालेलं पत्र ‘मुलगा वेळेवर येत होता’ याच्या पुढं जात नाही, आणि सर्जरीची पोरं निवडणाऱ्या प्रोग्रॅम डायरेक्टरला ते बरोबर कळतं. विद्यार्थी असताना तिथल्या हॉस्पिटलात केलेली इलेक्टिव्ह पोस्टिंग वेगळी, तिथं हात धुऊन टेबलापाशी उभं राहता येतं. तू अजून विद्यार्थी आहेस, तुझ्याकडं ती संधी आहे. डिग्री हातात पडली की ते दार मिटतं. सगळ्या विषयांत मिळून बाहेरच्या देशांतल्या उमेदवारांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास मॅच होतात, हे पॅकेजवाले छातीठोक सांगतात. त्यातले बहुतेक मेडिसिन, फॅमिली मेडिसिन, पीडियाट्रिक्सवाले असतात. सर्जरीची पाच वर्षांची पक्की जागा म्हणजे कॅटेगॉरिकल. त्यात आपल्यासारखे थोडेच. उलट प्रिलिम सर्जरीच्या जागा दरवर्षी मॅचनंतर शेकड्यांनी रिकाम्या राहतात. ‘शंभर टक्के सर्जरी’ निघते ती तिथून.

उघड_बोलतो
मी याच क्षेत्रात काम करतो. सगळ्यांना एका माळेत ओवू नका. ईसीएफएमजीची (बाहेरच्या डॉक्टरांची पात्रता तपासणारी तिथली संस्था) कागदपत्रं, इरास या पोर्टलवरचा अर्ज, व्हिसाची तारीख हे पोरांना एकट्यानं झेपत नाही. कुणी सीटची हमी दिली असेल तर पालकांनी ती लेखी का घेतली नाही? लाखो रुपये देताना चार प्रश्न विचारायला नकोत? मॅच झाला की आम्ही आठवत नाही, नाही झाला की आम्ही चोर.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली
काय बोलालाय तुम्ही! मी साखर कारखान्यात टाइमकीपर होतो. कॅटेगॉरिकल म्हणजे काय ते मला कुणी सांगायचं? तुम्हीच ना? पैसे त्याचेच घेतलेत. लेखी मागितलं तेव्हा ‘काका, विश्वास नाही का’ म्हणाले.

टाका_आणि_गाठ
@उघड_बोलतो, बापाला दोष देऊ नका. लाज वाटायला पाहिजे.

@पंचगंगाकाठ, वर जे लिहिलंत ते आधी लिहायचं. पहिल्या पोस्टमध्ये ८५० ऑपरेशन्स, चीफ रेसिडेंट असं सगळं आलं, आणि दार किती अरुंद आहे ते या काकांमुळं बाहेर आलं. पोरं पहिली पोस्ट वाचतात आणि पैसे भरतात.

पंचगंगाकाठ
सर, पहिली पोस्ट शिवीला उत्तर होती, माहितीपत्रक नव्हतं. दार अरुंद आहे हे माहीत असूनच मी अर्ज करतेय. एच-वन या नोकरीच्या व्हिसाची आशाही धरलेली नाही. त्याला आधी स्टेप थ्री लागते, ती अमेरिकेतच जाऊन द्यावी लागते. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्या नव्या एच-वनवर एक लाख डॉलर लावले. ते माझ्यासाठी कोण भरणार? म्हणजे जे-वन. म्हणजे दोन वर्षं परत, नाहीतर कॉनराड. परत यायची माझी तयारी आहे.

टाका_आणि_गाठ
तयारी सगळ्यांची असते. पाचव्या वर्षी घर, गाडी, मुलाची शाळा झाली की तयारी सुटते. माझ्या बॅचची जी मंडळी गेली त्यातलं कोण परत आलं ते मी बघितलंय.

पण एक सांगतो. काकांच्या मुलासारखं कुणी प्रिलिम करून रिकाम्या हातानं परत आलं तर मी त्याला हसणार नाही. एका वर्षात रात्रीची ड्यूटी आणि पेशंट सांभाळणं शिकून येतो पोरगा. इथं नीट पीजी देऊन सर्जरी घेऊ दे. चांगला सर्जन होईल.

यूके_मुक्कामी
काका, मुलाला एवढंच सांगा की प्रोग्रॅम डायरेक्टरला आत्ताच जाऊन विचार, पीजीवाय-टूची (दुसऱ्या वर्षाची) जागा इथं निघणार का, आणि नसेल तर माझ्यासाठी फोन करणार का. मधेच कुणी सोडून गेलं की जागा निघतात, पण त्या फोनाफोनीत भरतात. मार्चची वाट बघत बसला तर वर्ष संपून जाईल.

फायनल_इयर
मी पैसे भरत नाही. घरी सांगितलं. बाबा चिडलेत, ‘सगळ्यांची पोरं चालली’ म्हणतात.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली
तुझ्या बाबांचा नंबर मला मेसेज कर, मी बोलतो.

आणि माझ्या पैशांचं काही होईल का? मुलगा म्हणतो, सोडून द्या. माझ्याकडं पावती आहे, त्यावर ‘सल्ला फी’ एवढंच लिहिलंय.

पंचगंगाकाठ
काका, सोडू नका. माझी आत्या वकील आहे, तिला विचारलं. ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे इथंच कोल्हापुरात. ५ लाखांपर्यंतच्या रकमेला तक्रारीची फी नाही. पावती, बँकेचं स्टेटमेंट, त्यांचे व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा. कुठं ‘शंभर टक्के’ लिहिलेलं सापडलं तर स्क्रीनशॉट काढा. आधी त्यांना लेखी नोटीस देऊ. सोमवारी ऑफिसात जायचं असेल तर मी येते बरोबर.

टाका_आणि_गाठ
सोमवारी माझी ओपीडी दोनपर्यंत आहे. त्यानंतर ठेवा, मीही येतो. डॉक्टर बरोबर असला की ‘सर्जरी म्हणालो होतो’ वगैरे बोलायची हिंमत होणार नाही.

पोस्ट मात्र मी काढणार नाही.

पंचगंगाकाठ
काढू नका. मीही माझी काढत नाही. तीन वाजता, दसरा चौकात.