'ओपन'वर फांदी नकोच

ग्राहकांना आपोआप मेसेज पाठवणाऱ्या जर्नीत (पायऱ्यांच्या साखळीत) "मेल उघडला तर कूपन, नाही उघडला तर रिमाइंडर" अशी फांदी, म्हणजे अटीप्रमाणे फुटणारी वाट, सुचवली जाते, पण मी ती आता लावतच नाही. २०२१ मध्ये ॲपलने आयओएस १५ बरोबर मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं, ज्यांनी ते ॲपलच्या मेल ॲपमध्ये चालू केलंय त्यांच्या मेलमधल्या इमेजेस आधीच लोड होतात, आणि 'ओपन' मोजलं जातं ते इमेज लोड झाल्यावरूनच, म्हणजे माणसाने ढुंकूनही बघितलं नाही तरी सिस्टिमला 'ओपन' दिसतं. अट लावायचीच तर क्लिकवर लावा, नाहीतर सरळ ऑर्डरवर.

दुसरं, अट तपासली कधी जाते ते बघा. मी एकदा कार्ट सोडून गेलेल्यांसाठी जर्नी केली, 'ऑर्डर झाली का' हे सुरुवातीलाच विचारलं आणि त्यानंतर २४ तासांचा वेट (थांबायची पायरी) टाकला, मग काय, मधल्या वेळात पैसे भरलेल्यांनाही "तुमचं सामान वाट बघतंय" गेलं आणि सपोर्टवाल्यांनी माझं डोकं खाल्लं. अट वेटनंतर हवी, मेसेज सुटायच्या अगदी आधी.

आणि हो, रिकामी फील्ड्स, म्हणजे ग्राहकाच्या प्रोफाइलमधले न भरलेले रकाने! 'प्लॅन फ्री नाही' या अटीत प्लॅनच न भरलेले लोक धरले जातात की नाही हे टूलगणिक बदलतं, दोन-तीन टेस्ट प्रोफाइल जर्नीत पाठवून बघा आधी.