नदी-नाला सफाई: फोटो काढून झाल्यावर काय झालं? (अनुभव धागा)

मंडळी, दर उन्हाळ्यात आपल्याकडं कुठं ना कुठं नदी सफाई होते. फावडे, घमेले, पाहुण्यांचं भाषण, मग मोबाइलवर फोटोच फोटो. पुढच्या पावसाळ्यानंतर त्या पात्रात काय दिसतं ते मात्र कुणी लिहीत नाही. हा धागा त्यासाठी. विदर्भातल्या खेड्यांतून लिहा: पाणी कशानं नासलं, तुम्ही काय केलं, आज काय स्थिती आहे. काम फसलं असेल तर तेच आधी लिहा. कारखान्याचं, अधिकाऱ्याचं नाव नको. धागा भांडणात वाया जातो.

सुरुवात मी करतो. आमचं गाव कुही तालुक्यात. नागपूरची नाग नदी पिवळी नदीला पोटात घेऊन कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत जाते, पुढं गोसीखुर्दचं धरण. म्हणजे नागपुरात जे मोरीतून गेलं ते आमच्या शिवारातून धरणात. आमच्याकडं श्रमदानं झाली, काठचं प्लास्टिक उचललं, घाट धुतला. पाणी काळं ते काळंच. रोवणीला त्या पाण्यात उतरलेल्या बाया संध्याकाळी खाजेसाठी पायाला करंजीचं तेल चोळतात. डिसेंबर २०२२ मध्ये नाग नदीच्या प्रदूषण निवारणाच्या १,९०० कोटींहून मोठ्या प्रकल्पाचं भूमिपूजन झालं. सांडपाण्याच्या वाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्रं, हेच खरं औषध, त्यात वाद नाही. पण एक गोष्ट शहरात कुणी बोलत नाही. याच घाण पाण्यावर आमच्याकडं उन्हाळ्यात भाजीपाला उभा राहतो. नागपुरातल्या भांडेवाडी केंद्रात शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. उद्या सगळंच असं वळवलं तर आमच्या मोटारी काय ओढणार, असं लोक ग्रामसभेत विचारतात. माझ्याजवळ उत्तर नाही. पुढं लिहा.

लाखांदूरच्या बाजूनं

दादा, नदी नाही, पण मामा (माजी मालगुजारी) तलाव चालेल का? त्याचं पाणी नाल्यातूनच येतं-जातं. आम्ही ढिवर, मासेमारी सोसायटी आमची. तलाव मालगुजारी काळातला, गाळानं अर्धा बुजलेला, काठानं सगळी बेशरमाची झुडपं. सरकारी कामातून ती कापली, म्हणजे वरून छाटली. छाटलेल्या कांड्या तिथंच पडल्या, पहिल्या पाण्यात चिखलात रुजल्या आणि आधीपेक्षा दाट झाल्या. मजुरी निघाली, फोटोही निघाला.

मग आम्ही बायांनी ठरवलं, कापायचीच नाही, उपटायची. मे महिन्यात पाणी उतरलं की कुदळीनं मूळ मोकळं करायचं, दोघींनी मिळून ओढायचं, आणि तलावाच्या पाळीपासून (बांधापासून) लांब नेऊन मुळं आभाळाकडं करून वाळू द्यायचं. हाताला चीक लागतो म्हणून जुने पायमोजे चढवायचे. जागा मोकळी झाल्यावर दुसऱ्या चांगल्या तलावातून पाण्याखालच्या वनस्पती आणल्या आणि धान रोवतो तशा ओळीनं रोवल्या. आता काठाला मरळ पिल्लांचा थवा घेऊन फिरताना दिसते. बोटुकली सोडून वाढवलेला रोहू-कतला वेगळा आणि मरळ वेगळी, बाजारात तिला मागावा तो भाव.

राहिली ती वरच्या अंगाची राइस मिल. उसन्या तांदळासाठी धान भिजवतात, ते तपकिरी, आंबूस पाणी नाल्यात सोडतात. तक्रार केली, त्यांनी टाकं बांधलं. जोराचा पाऊस आला की रात्री ते टाकं आपोआप उघडतं म्हणे! सकाळी झिंगे काठाला येऊन बसलेले दिसले की आम्ही समजतो. पाण्यात दम राहिला नाही की ते वर येतात. त्या दिवशीचा मासा आम्ही विकत नाही, आणि तो तोटा कुणी भरून देत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातून

आमच्या इकडं कपाशी. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं जिल्ह्यात माणसं गेली, तवापासून मास्क अन् हातमोज्यायचं सगळे बोलतात, नाल्याचं कोणी बोलत नाई. पंप भराले लोकं नाल्यावर जात, तिथंच औषध ओतत, तिथंच पंप खंगाळत, अन् खालच्या डोहात ढोरं पाणी पेत. पोट्ट्यायनं नाल्यातले डब्बे येचले तं पोते भरले. पुढच्या फवारणीले पुन्हा तेच. मंग येचनं सोडलं अन् बांधावर ड्रम ठेवले. पाणी बाल्टीनं आणाचं, औषध बांधावरच कालवाचं. डब्बा तीन खेपा खंगाळून ते पाणी पंपातच टाकाचं. पैशाचं औषध नाल्यात काहून सांडता, असं म्हणलं तं लोकायले पटलं. पर्यावरण म्हणलं असतं तं कोणी उभं नसतं केलं.

मोर्णाकाठावरून

यवतमाळच्या भाऊंचं खरं आहे. येचून होत नाही. जानेवारी २०१८ मध्ये अकोल्यात मोर्णा सफाईला हजारो लोक उतरले, ‘मन की बात’मध्ये उल्लेख झाला. आमच्या गावातूनही लोक गेले होते. तो उत्साह खोटा नव्हता, आजही मी त्याची टिंगल होऊ देत नाही. पण जलपर्णीचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं, आणि शहराचं सांडपाणी म्हणजे तिला फुकटचं खत. ती परत आली. पुरासोबत वाहून आमच्या बंधाऱ्याला येऊन अडकते. आता जांभळी फुलं धरायच्या आत काढतो, आणि पूररेषेच्या वर नेऊन टाकतो. खत करा असा सल्ला खूप जण देतात. शहर-कारखान्याच्या पाण्यातली जलपर्णी जड धातू शोषून घेते. भाजीच्या वावरात तरी घालू नका.

पवनारजवळून

आमच्याकडं धाम नदी, प्रश्न विसर्जनाचा. काठावर कुंड ठेवलं, पण लोक त्याला वळसा घालून नदीतच. मग भजनी मंडळानं आरती कुंडापाशी घ्यायला सुरुवात केली. मूर्ती तिकडं वळल्या.

निवृत्त ग्रामसेवक, वाशिम जिल्हा

पैशाचं कुणी लिहिलं नाही, म्हणून. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीतला ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचा होता, त्यातला अर्धा स्वच्छतेला. गावची गटारं नाल्यात उतरू नयेत म्हणून यातून शोषखड्डे करता येत. कागदावर झकास. आमची जमीन काळी, भारी, पाणी मुरतच नाही. नमुन्याबरहुकूम केलेले खड्डे पहिल्याच पावसाळ्यात तुडुंब, वर डास. शेवटी गटाराच्या तोंडाशी स्थिरीकरण तळं (घाण पाणी थांबून निवळावं म्हणून) केलं, पुढं कर्दळ लावली आणि मध्ये लोखंडी जाळी बसवली. आता जाळीतला कचरा रोज काढणार कोण? तळ्याला मंजुरी पटकन मिळाली, या प्रश्नावर ग्रामसभा संध्याकाळपर्यंत चालली. पाणी सोडणाऱ्या माणसाचं मानधन थोडं वाढवून काम त्याच्या गळ्यात घातलं. पोळ्याला तो सासुरवाडीला जातो आणि जाळी हमखास तुंबते.

गोंदिया जिल्ह्यातून, पाणी तपासणारी

जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायांना पाणी तपासायचं शिकवलं, त्यातली मी एक. सफाईनंतर लोक नदीचं पाणी घेऊन येतात, ‘ताई, आता शुद्ध झालं का सांगा.’ आमच्या कुपीत जिवाणू असले की पाणी काळं पडतं, आणि उघड्या नदीचं ते पडणारच. आंघोळीलायक पाण्यात जैविक ऑक्सिजन मागणी (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत पाहिजे, पण ते मोजायला प्रयोगशाळा लागते, आमच्या पेटीत ते बसत नाही. म्हणून मी सांगते, नदीकाठची विहीर आणि हातपंप तपासा. पेता तुम्ही तिथलं. आमच्याकडं नाला साफ झाला त्याच उन्हाळ्यात काठच्या हातपंपाची कुपी काळी निघाली. नळी फुटलेली होती, नाल्याचा त्यात काही दोष नव्हता.

कुही (धागाकर्ता)

ताई, हे आमच्या कामाचं आहे. आमच्या काठच्या विहिरी कुणी तपासल्याच नाहीत. कुप्या कुठं मिळतील? आणि बाटली आधी गरम पाण्यानं धुवायची का?

गोंदिया

ग्रामपंचायतीत पेटी आलेली असते, कपाटात कुलूपबंद. आधी ती मागा. आणि दादा, कुपी अजिबात धुवायची नाही, आत औषध असतं. त्यावरची तारीख पाहा, खुणेपर्यंत पाणी भरा, झाकण लावून हलवा आणि एक-दोन दिवस उबेला ठेवा. हातपंपाचं घेताना आधी थोडा वेळ पाणी उपसून टाका, मग घ्या.