मदत हवी आहे : अमेरिकेहून येणारा प्री-कट (पेढीतच आधी पातळ कापलेला) कॉर्निया, ऑपरेशन कोल्हापुरात. तपासणी आणि साठवणूक कशी करावी?

ओटी_कोल्हापूर

नमस्कार. कोल्हापुरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि टिश्यूची, म्हणजे बसवायच्या कॉर्नियाची, नोंद माझ्याकडे आहे. पेशंट ६८ वर्षांच्या बाई. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बुबुळाला (कॉर्नियाला) सूज आली, ती उतरलीच नाही. डीसेक, म्हणजे कॉर्नियाचा फक्त मागचा पातळ थर बदलायचं ऑपरेशन, ठरलंय. जवळपासच्या नेत्रपेढ्यांत चांगल्या सेल काउंटचा (मागच्या थरातल्या पेशींची संख्या) टिश्यू सध्या मिळेना, म्हणून मिसुरीतल्या एका पेढीचा प्री-कट टिश्यू येतोय.

फॉर्मवर असं आहे: मृत्यू ०७/०६, २२:०५. साठवण ०७/०७, ०६:१०. साठवणीचा द्रव ऑप्टिसॉल-जीएस. दात्याचं वय ५९, काउंट २७४०, ग्राफ्ट (बसवायचा थर) ९५ मायक्रॉन, एस-स्टॅम्प (बाजू ओळखायला ग्राफ्टवर छापलेलं S अक्षर) आहे. ११ जुलैला मुंबईत उतरेल, ओटी १५ तारखेला सकाळी ९ ला. टिश्यूची शेवटची मुदत नेमकी कधी धरायची? डबा हातात आल्यावर काय काय बघायचं? आणि पावसाचे दिवस आहेत, मुंबईहून आणायचा कसा?

पेढी_तंत्रज्ञ

आधी तारखा. अमेरिकेत महिना आधी लिहितात, दिवस नंतर. म्हणजे ०७/०६ म्हणजे ६ जुलै, ७ जून नव्हे. वेळही तिथली आहे. मिसुरीचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेअकरा. साठवण ७ जुलैला तिथल्या सकाळी ०६:१० ला झाली, म्हणजे आपल्याकडे त्याच दिवशी दुपारी ४:४०. ऑप्टिसॉल-जीएसचे १४ दिवस तिथून मोजायचे, डबा पोचल्यापासून नाही. शेवट येतो २१ जुलै दुपारी ४:४०. तुमच्या वहीत दोन्ही वेळा लिहा आणि पुढे "भारतीय वेळ" असं स्पष्ट टाका.

पण १४ दिवस चालतो म्हणून चौदाव्या दिवशी वापरायचा, असं करू नका. अमेरिकेतला याच विषयावरचा मोठा अभ्यास २०१७ मध्ये आला, तोही डीसेकवरच होता. ७ दिवसांपर्यंत ठेवलेल्या टिश्यूत तीन वर्षांनी ९५.३ टक्के ग्राफ्ट टिकले, ८ ते १४ दिवसांच्या टिश्यूत ९२.१ टक्के. हा फरक मुख्यतः १२ ते १४ दिवसांच्या टिश्यूमुळे पडला, ११ दिवसांपर्यंत फारसा नव्हता. १५ तारखेला तुमचा आठवा दिवस चालू असेल, काही हरकत नाही. ओटी पुढे गेलीच तर १८ तारखेच्या दुपारपलीकडे नेऊ नका.

मृत्यूपासून साठवणीपर्यंत आठ तास गेलेत. तोवर मृतदेह थंड ठेवला होता का, याचा रकाना फॉर्मवर असतो, तो वाचा. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस या चारही रिपोर्टवरचा दात्याचा क्रमांक बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. एक अंक जरी चुकला तरी आधी पेढीला फोन.

डबा उघडल्यावर पहिली गोष्ट म्हणजे बर्फ. पाण्यात थोडे तरी खडे शिल्लक हवेत. सगळं पाणी झालं असेल तर लगेच तापमान मोजा आणि पाठवणाऱ्याला कळवा. मग बाटली उजेडात धरा. द्रव गुलाबी आणि नितळ दिसला पाहिजे. पिवळट पडला, गढूळ झाला किंवा आत कण तरंगताना दिसले तर संसर्गाचा संशय धरा आणि तो टिश्यू वापरू नका. झाकणाचं सील तुटलेलं नको.

फ्रिजमध्ये २ ते ८ अंश. दारात नको, फ्रीझरखालच्या कप्प्यात नको, मागच्या भिंतीला टेकवून तर नकोच. टिश्यू गोठला की एंडोथेलियमच्या (कॉर्नियाच्या सर्वांत मागच्या थराच्या) पेशी मरतात, आणि नंतर बाहेरून बघून ते कळत नाही. किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर आत ठेवा. लाईट गेली तर तो फ्रिज इन्व्हर्टरवर आहे ना, हे ११ तारखेच्या आधी बघून घ्या.

घाटवाट

प्रवासाचं मी सांगतो. मुंबई ते कोल्हापूर पावणेचारशे किलोमीटर, रस्त्याने आठ-नऊ तास धरा, खंबाटकीत अडकलात तर जास्त. डबा बसच्या डिकीत टाकू नका, माणसाच्या पायाशी ठेवा. पुण्यात थांबून बर्फ बदला. बर्फ साधा पाण्याचा. फ्रीझरमधून काढलेला कडक जेल पॅक बाटलीला थेट टेकला तर ती बाजू गोठते. ड्राय आईस अजिबात नको.

पंचगंगेला पूर आला की शिरोलीजवळ हायवे बंद होतो, २०१९ आणि २०२१ ला झाला होता. म्हणून टिश्यू १४ च्या रात्री आणण्याच्या भानगडीत पडू नका. ११-१२ लाच आणून तुमच्या फ्रिजमध्ये ठेवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी वाढताना दिसली तर पुण्यातल्या एखाद्या नोंदणीकृत केंद्राशी आधीच बोलून ठेवा, पेशंटला तिकडे नेता येतं.

कॉर्निया_सर्जन

वरचं सगळं बरोबर आहे. थोडी भर घालतो.

टिश्यू आणल्यावर तुमच्याकडे स्पेक्युलर (पेशी मोजायचा मायक्रोस्कोप) असेल तर काउंट परत घ्या, पण बाटली तासभर खोलीच्या तापमानाला आल्यावर. थंड टिश्यूत पेशींच्या कडा पुसट दिसतात आणि आकडा भरवशाचा येत नाही. मात्र बाटली रोज बाहेर काढून परत आत, असं करू नका.

प्री-कटमध्ये मोठा घोटाळा पंचिंगला, म्हणजे ग्राफ्ट गोल कापून घेताना, होतो. कापाची कड ट्रिपॅन ब्लूने रंगवून घ्या आणि पंच बरोबर मध्यावर ठेवा. पंच एका बाजूला सरकला तर ग्राफ्टच्या त्या कडेला पूर्ण जाडीचा कॉर्निया येतो. ती कड चिकटत नाही, तिथून पाणी शिरतं आणि ग्राफ्ट सुटतो. ग्राफ्ट डोळ्यात गेल्यावर एस सुलट वाचता आला पाहिजे. उलटा दिसला तर ग्राफ्ट पालथा पडलाय. तसाच चिकटवला तर बुबुळ कधीच साफ होणार नाही.

खालच्या बाजूला इरिडेक्टमी (आयरिसला, म्हणजे डोळ्याच्या रंगीत पडद्याला, छोटं भोक) हवी, नाहीतर ग्राफ्ट चिकटवायला सोडलेला हवेचा बुडबुडा बाहुली अडवतो आणि काही तासांत डोळ्याचं प्रेशर चढतं. त्या संध्याकाळी पेशंटचं डोकं दुखून उलटी झाली तर गोळी देऊन झोपवू नका, प्रेशर मोजा.

पंचनंतर उरलेली रिम (टिश्यूची बाहेरची कड) फेकू नका. बॅक्टेरिया आणि फंगस दोन्हीच्या कल्चरला पाठवा. ऑप्टिसॉल-जीएसमध्ये जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन असतं, फंगसवरचं औषध नसतं. रिममध्ये कँडिडा (एक फंगस) आला तर ते पेढीलाही त्याच दिवशी कळवा, कारण त्याच दात्याचा दुसरा कॉर्निया कुणाच्या तरी डोळ्यात असेल.

ओटी_कोल्हापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. आणखी दोन गोष्टी. नातेवाईक विचारतात, "परदेशी डोळा म्हणजे भारी का? आणि निळा दिसेल का?" शिवाय बिलात टिश्यूची रक्कम बघून "विकत घेतलाय का" असंही विचारलं. दुसरं म्हणजे वॉर्डात उसाचं पातं लागून फंगल अल्सर झालेला एक शेतकरी आहे, बुबुळ फुटण्याच्या बेतात आहे. त्याच्यासाठीही बाहेरूनच टिश्यू मागवावा का?

पेढी_तंत्रज्ञ

कॉर्निया पारदर्शक असतो. रंग त्याच्या मागच्या आयरिसचा, तो पेशंटचा स्वतःचाच राहतो. आणि "भारी" हा शब्द नातेवाईकांसमोर कुणी वापरू नये असं मला कळकळीनं वाटतं. गावातल्या दात्याचा दोन दिवसांचा, २५०० काउंटचा टिश्यू हा दहा दिवस प्रवास केलेल्यापेक्षा कमी नाही. दाता कोण हे सांगायचं नाही, पण टिश्यू परदेशातून आलाय हे संमतिपत्रात लिहा आणि मराठीत वाचून दाखवा.

पैशांबाबत: १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने टिश्यूची खरेदी-विक्री गुन्हा आहे. काढणं, जपणं, नेणं यांचा खर्च घेता येतो. बिलात तेच शब्द असू द्या, "कॉर्नियाची किंमत" असं लिहू नका. तुमच्या दवाखान्याची कॉर्निया प्रत्यारोपणाची नोंदणी चालू मुदतीत आहे का तेही बघा.

कॉर्निया_सर्जन

शेतकऱ्यासाठी बाहेरून मागवू नका, तेवढा वेळ नाही. तिथे डोळा वाचवणं आणि संसर्ग काढून टाकणं हे काम आहे, दृष्टीचं नंतर. त्याला कमी काउंटचा टिश्यूही चालतो. तोही नसेल तर ग्लिसरीनमध्ये ठेवलेला कॉर्निया बसवून भोक बुजवता येतं. आज संध्याकाळीच मिरज, सांगली, बेळगाव, हुबळी, पुणे सगळीकडे फोन लावा आणि फोनवर "थेराप्युटिक, तातडीचा" असं स्पष्ट म्हणा. नुसतं "कॉर्निया हवाय" म्हटलं तर ते तुम्हाला ऑप्टिकलच्या (दृष्टीसाठी थांबलेल्यांच्या) यादीत टाकतील.