अहमदाबादची स्पर्धा, केजचं मैदान आणि ऊसतोडीचा हंगाम

विषय: रविवारच्या गप्पा

नमस्कार मंडळी,

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार हे ठरल्यापासून आमच्या अंबाजोगाईच्या घरात रविवारी सुशीलेच्या (भिजवलेल्या चुरमुऱ्यांच्या नाश्त्याच्या) ताटल्या हातात आल्या की वाद सुरू होतो. बाबा म्हणतात, "तिकडं एवढाली स्टेडियमं बांधायलेत, अन् आपल्या लेकरांना फक्की मारून मैदान आखायला सपाट जागा नाही." भाच्याला वाटतं, स्पर्धा देशात आल्या की आपल्याकडचीही पोरं पुढे येतील. आई क्रिकेटवाली. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक उचलला, तो बघायला ती मध्यरात्रीपर्यंत जागी होती. ती दोघांनाही म्हणते, आधी खाऊन घ्या.

मी बाबांच्या बाजूचा आहे, पण माझं कारण वेगळं आहे. आपल्या भागातून खेळाडू घडत नाहीत, हे मुळात खरंच नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बघा. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी. हा खेळ त्याला सैन्यात गेल्यावर मिळाला. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २०२२ मध्ये त्याचं सुवर्ण फक्त ०.०५ सेकंदाने हुकलं. राष्ट्रकुलमध्ये १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच नेत होता, ती मक्तेदारी या रौप्यपदकाने मोडली. पुढच्याच वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिंपिकची अंतिम फेरी. या शर्यतीत तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष.

खो-खोत तर आपलंच नाणं चालतं. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, तेव्हा मुलींची कर्णधार प्रियंका इंगळे होती. ती वाढली पुण्यात, पण घराणं मूळचं आपल्या केज तालुक्यातलं. अंतिम सामन्यात नेपाळला ७८–४० असं हरवलं. त्या दिवशी बाबांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

परवा केजच्या बाजूला एका शाळेच्या मैदानावर थांबलो होतो. सातवी-आठवीच्या मुली खेळत होत्या. एक जण खांबाजवळ अशी हुलकावणी द्यायची की पाठलाग करणारी दोन पावलं पुढे निघून जायची. सरांना म्हटलं, ही जिल्ह्याला जाणार. ते म्हणाले, "जाईल की नाही ते दसऱ्यानंतर कळंल. आईबाप कोयत्यावर जातेत." म्हणजे ऊसतोडीला.

तुम्हाला सगळ्यांना हे ठाऊक आहे, तरी लिहितो. शालेय स्पर्धा तालुक्यावरून जिल्ह्यावर आणि तिथून विभागावर जातात, तो काळ आणि गावं रिकामी होण्याचा काळ जवळजवळ एकच. ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले असतात, ते फेडायला जावंच लागतं. मुलगी मागे ठेवायची तर कोणाच्या भरवशावर? मग तीही उसाच्या फडात जाते, धाकट्याला सांभाळते. किंवा तिचं लग्न लवकर उरकतात, म्हणजे जबाबदारीही संपते आणि नवा कोयताही तयार होतो. खो-खोत पाठलाग चुकवणाऱ्या चांगल्या चांगल्या पोरी आपण अशा गमावतो. मला हे फार लागतं.

म्हणून म्हणतो, गावात जो मतं मागायला येईल त्याला अहमदाबाद विचारू नका, आरक्षणावर भाषणही मागू नका. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मुलांना ठेवायचं हंगामी वसतिगृह कोणत्या तारखेला उघडणार आणि त्यात मुलींसाठी किती जागा, एवढंच विचारा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची सरकारी योजना आहे. ती आपल्या तालुक्यात कुठवर आली, याचं उत्तर निवडून येणाऱ्याने दिलंच पाहिजे.

गणेशोत्सव करणाऱ्या आपल्या मंडळाने यात काही करावं असं मला मनापासून वाटतं.

—

दादा, नमस्कार.

मेलबर्नहून लिहितेय. पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांचं माहेर पाटोद्याचं, त्या बराच वेळ फडातल्या कोप्यांच्या (मजुरांच्या झोपड्यांच्या) आठवणी सांगत होत्या.

गणेशोत्सवात उरलेल्या पैशांतून त्या शाळेला खो-खोची मॅट घेऊन द्यावी, असं आम्हा दोघी-तिघींना वाटतं. विश्वचषक मॅटवरच झाला ना? मातीवर सराव केलेल्या मुली मॅटवर अडखळतात म्हणे. शिवाय मॅट दिसते, तिचा फोटो पाठवता येतो, देणाऱ्यांना बरं वाटतं. मुलींना गावातच ठेवायचं तर त्यांच्या जेवणाखाणाचे पैसे दर वर्षी उभे करावे लागतील. ते आपल्याच्याने निभेल का? स्पष्ट सांगा, राग मानणार नाही.

—

ताई,

राग कसला, प्रश्न रास्त आहे. मॅटचा फरक पडतोच. मातीत सूर मारायची सवय असलेल्या मुलीचा पाय मॅटवर वेगळा पडतो. पण नोव्हेंबरात मुलगीच गावात नसेल तर ती मॅट शाळेच्या खोलीत गुंडाळून पडेल.

मी सरांशी पुन्हा बोललो. हंगामी वसतिगृहात जेवण मिळतं, पण ते उशिरा सुरू होतं आणि मधले काही आठवडे कोणीच वाली नसतो. नेमक्या त्याच आठवड्यांत आईबाप निघून जातात. तेवढ्या दिवसांचं दोन वेळचं जेवण, दूध-अंडी आणि रात्री मुलींजवळ राहील अशी गावातलीच एखादी बाई, एवढं आपण उचलावं. आजी-आजोबा घरी असतात, पण त्यांना तरण्या मुलीची रात्रीची काळजी वाटते. ती एक काळजी मिटली तर बरेच आईबाप मुलीला मागे ठेवायला तयार आहेत, असं सरांचं म्हणणं आहे. मलाही ते पटलं. दर वर्षीचं ओझं आहे हे खरं, म्हणून पहिल्या वर्षी एकाच शाळेपुरतं करू. मॅट त्याच्या पुढच्या वर्षी.

आईने ऐकलं तेव्हा म्हणाली, ज्वारी आपल्या शेतातली देऊ, भाकरीचं पीठ विकत घेऊ नका. तेव्हा तेवढा खर्च कमी धरा.

आता वेळेचं. घरची माणसं कोण जाणार, कोण राहणार हे उचल घेतानाच ठरतं, आणि पावसाळ्यातच मुकादम दारोदार फिरायला लागतात. दिवाळीत पैसे जमवून उपयोग नाही. मंडळाचा निर्णय पोळ्याच्या आत कळवा, म्हणजे सर आणि मी घरोघरी जाऊन आईबापांशी बोलू.