लँडस्केप आर्किटेक्चर: अमेरिकेत मास्टर्ससाठी विद्यापीठ कसं निवडावं?

प्रश्न: पदवी बी.आर्क.ची आहे. २ वर्षांचा एमएलए (मास्टर ऑफ लँडस्केप आर्किटेक्चर) घ्यावा की ३ वर्षांचा? रँकिंगशिवाय काय बघावं?

उत्तर १: आधी मान्यता बघा, रँकिंग नंतर. तिथे 'लाब' (LAAB) ही अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था फक्त फर्स्ट-प्रोफेशनल (या क्षेत्रातल्या पहिल्या व्यावसायिक) पदव्यांना मान्यता देते, पोस्ट-प्रोफेशनलला (ती पदवी आधीच असलेल्यांसाठीच्या पुढच्या पदवीला) नाही. दोन्हींचं नाव एमएलएच असतं, म्हणून फसगत होते. पुढे लँडस्केप आर्किटेक्ट म्हणून लायसन्ससाठी चार भागांची 'लेअर' (LARE) परीक्षा द्यावी लागते आणि बिगर-मान्यताप्राप्त पदवी असली तर अनेक राज्यांत जादा अनुभव मागतात. बी.आर्क.वाल्यांना बऱ्याच ठिकाणी अॅडव्हान्स्ड स्टँडिंग (आधीच्या शिक्षणामुळे थेट पुढच्या टप्प्यात प्रवेश) मिळून साधारण एक वर्ष वाचतं. मात्र त्या वर्षात ग्रेडिंग (जमिनीच्या उतारांची आखणी), वनस्पती-ओळख किंवा माती हे विषय गळणार असतील तर ३ वर्षंच घ्या. इमारतीचं शिक्षण झालेल्यांचं घोडं नेमकं इथेच अडतं: कंटूर (नकाशावरच्या समान उंचीच्या रेषा) फिरवता येत नाहीत, पाणी कुठे वाहील ते कळत नाही.

उत्तर २: मान्यतेबद्दल सहमत. शिवाय विभागाला थेट ईमेल करून विचारा: एका स्टुडिओ शिक्षकामागे विद्यार्थी किती? १५ च्या वर असतील तर क्रिट (विद्यार्थ्याच्या डिझाइनवरची चर्चा-समीक्षा) उरकली जाते. प्राध्यापकांचं काम नक्की वाचा. पूरनियोजन शिकायचं आणि विभागात सगळे बागांच्या इतिहासाचे अभ्यासक, तर थीसिसला मार्गदर्शक कुठून आणणार?

उत्तर ३: पोर्टफोलिओत निव्वळ रेंडर (संगणकावरची देखणी चित्रं) नकोत. एक तरी साइट सेक्शन (जागेच्या उभ्या छेदाचं रेखाचित्र) हवा, जमिनीचे उतार आणि पाण्याचा निचरा दाखवणारा.