क्रमांक नाही तर नमुना नाही? मग आमची पोती काय रंकाळ्यात टाकू?

दगडफोड्या: काल इथं एकानं ठोकून दिलं की ज्या दगडाला, मातीला, रोपाला जागतिक कायमस्वरूपी क्रमांक नाही, त्यावरचा पेपर वाचायच्याही लायकीचा नाही. डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पन्हाळ्याचा जांभा असो नाहीतर गगनबावड्याचा बेसॉल्ट, आम्ही पोतं पाठीवर मारून आणतो आणि जिन्याखाली ठेवतो, कारण दुसरी जागाच नसते. 2019 च्या पुरात इथल्या एका कॉलेजच्या तळमजल्यात पाणी शिरलं. दगडाला काय होतंय? पण पिशवीवरची मार्करची शाई गेली आणि आतल्या चिठ्ठ्यांचा लगदा झाला. पिशवीवर आयजीएसएन, म्हणजे हाच नमुन्यांचा जागतिक क्रमांक, लिहिला असता तर तो काय पोहून वर आला असता? आधी कपाट द्या, मग क्रमांकाचं बोला.

स्लाइडवाली: सर, जीपीएस आणि फोटो क्रमांकासकट आधीच नोंदवले असते तर निदान काय गेलं याची यादी तरी राहिली असती. आणि पुराचं सोडा. एकाच खडकाच्या स्लाइड (सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे पातळ काप) आम्ही केल्या, भुकटी दुसऱ्या लॅबला गेली. आमच्या वहीत तो 'पी 3', त्यांच्या रिपोर्टात '17 ब'. पेपर लिहायच्या वेळी दोघांचं जुळवताना गाईडसकट सगळ्यांच्या तोंडाला फेस आला. आयजीएसएनमध्ये मूळ नमुना आणि त्याचे तुकडे एकमेकांना जोडता येतात. हे आता फक्त भूशास्त्रवाल्यांचं खेळणं राहिलेलं नाही. 2021 मध्ये डेटासाइटशी, म्हणजे संशोधनाच्या डेटाला कायमस्वरूपी क्रमांक देणाऱ्या संस्थेशी, करार झाला, तेव्हापासून माती, पाणी, रोप, कशालाही घेता येतो.

करवीरकर: नंबरचं कौतुक आम्हाला नका सांगू. आमच्या म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला मारला, 12 आकडी. गव्हाणीच्या खिळ्यात अडकला, कान फाटला, बिल्ला शेणात. पुढच्या खेपेला नवा बिल्ला, नवा नंबर. आधीच्या लसी? बोंबला!

स्लाइडवाली: जुन्या बिल्ल्याच्या जागी नवा, अशी नोंद करता येते. डॉक्टरांना सांगायचं होतं.

करवीरकर: सांगितलं की! सर्व्हर बंद म्हणाले. तुम्ही कधी धार काढलीय का?

दगडफोड्या: बघा! म्हशीच्या कानात बसवलेला नंबर टिकत नाही, हे दगडाला चिकटवायला निघालेत.

स्लाइडवाली: बिल्ला पडला म्हणून नोंदणीच नको? लम्पीच्या वेळी कुठलं जनावर कुठून आलं हे शोधताना काय हाल झाले ते विसरलात वाटतं.

करवीरकर: लम्पीचं नाव काढू नका. दावणीचा बैल गेलाय माझा.

गवत्या: म्हशी बाजूला घ्या जरा. आम्हा वनस्पतीवाल्यांकडे संग्राहकाचं नाव, त्याचा अनुक्रमांक आणि हर्बेरियमचा (वाळवलेल्या रोपांच्या संग्रहाचा) संकेत ही पद्धत पूर्वापार आहे. शिवाजी विद्यापीठाचा संकेत 'एसयूके', जगात कुठंही ओळखतात. राधानगरीचं रोप त्यावरून सापडतं. नवीन काय शोधलंत?

स्लाइडवाली: सापडतं, तुम्ही स्वतः जाऊन कपाट उघडलंत तर! त्याच रोपाची दुसरी प्रत मुंबईला गेली आणि तिथं कुणी नाव दुरुस्त केलं, तर तुमच्या शीटला कसं कळणार?

गवत्या: बरं, तेवढं मान्य. पण हे क्रमांक घ्यायला संस्थेचं सदस्यत्व शुल्क कोण भरणार? आमच्याकडं डांबराच्या गोळ्यांचं बिल मंजूर व्हायला मार्च उजाडतो.

दगडफोड्या: आता आलात मुद्द्यावर! कराडच्या प्रयोगशाळेत कोयनेच्या बोअरहोलमधला गाभा आहे. 1967 चा भूकंप झाला त्या भागातला खडक, खोल भोक पाडून काढलेला, परत मिळणं अवघड. अशाला जरूर द्या क्रमांक, मी स्वतः फॉर्म भरायला येतो. पण एम.एस्सी.च्या पोराच्या प्रोजेक्टच्या मुरुमालाही द्या म्हणाल तर अवघड आहे.

स्लाइडवाली: उद्या त्याच मुरुमावर पेपर निघाला आणि कुणी नमुना मागितला, की जिन्याखाली शोधत बसा.

दगडफोड्या: बसतो. सवय आहे.

करवीरकर: ते सगळं राहू दे. लाळ-खुरकूतची लस करवीर तालुक्यात कधी येणार, ते कुणाला माहीत आहे का?