मदत हवी आहे: गाडीत रास्पबेरी पाय बसवतोय, विजेचं कोडं सुटत नाहीये

नमस्कार मंडळी,

गाडी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक. कंपनीचा साधा स्टिरिओ काढून तिथे रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा कंप्युटर, पुढे नुसता ‘पाय’) आणि सात इंची टचस्क्रीन बसवायचं चाललंय. गाणी कोडी या मीडिया प्लेअरवरून, आणि स्क्रीनच्या एका कोपऱ्यात आरपीएम, कूलंटचं तापमान, बॅटरीचं व्होल्टेज. ‘तयार अँड्रॉइड स्टिरिओ का नाही घेत?’ हे घरी रोज ऐकतोय, तेव्हा कृपया इथे नको.

इंजिनची माहिती वाचणं जमलंय. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीची तपासणी करायचं सॉकेट) ६ आणि १४ नंबरच्या पिना आहेत, म्हणजे कॅन (गाडीतल्या यंत्रणांचं आपसात बोलायचं जाळं) आहे. ते वाचणारा ब्लूटूथचा स्वस्त ईएलएम३२७ अडॅप्टर (नक्कलच, त्या भावात अस्सल कुठला?) मध्येच जोडणी सोडायचा, म्हणून यूएसबीचा घेतला. ०१०सी हा कोड पाठवून विचारलं की दोन बाइट येतात. पहिल्याला २५६ने गुणून दुसरा मिळवायचा आणि ४ने भागायचं, की आरपीएम. मीटरच्या काट्याशी जुळतंय. कूलंटसाठी ०१०५, आलेल्या आकड्यातून ४० वजा.

अडलंय ते विजेवर. सध्या लायटरच्या सॉकेटवरून लॅमिंग्टन रोडवर मिळालेलं एलएम२५९६चं मॉड्यूल (बारा व्होल्टचे पाच करणारा कन्व्हर्टर) लावलंय. सेल्फ मारला की पाय रीस्टार्ट. चावी काढली की धाडकन बंद, आणि एसडी कार्ड कधी दगा देईल याचा नेम नाही.

थेट बॅटरीवरून घ्यावं, तर मी ऑफिसला लोकलने जाणारा माणूस. गाडी निघते रविवारी, एरवी सोसायटीत उभी. पाय नुसता जागा राहिला तरी बारा व्होल्टवर साधारण पाव अँपिअर धरा, म्हणजे दिवसाला ६ एएच (अँपिअर-तास). बॅटरी ३५ एएचची. शनिवारी सेल्फ काय फिरणार!

दुसरं, डबा ठेवू कुठे? पार्किंग उघड्यावर. मे महिन्यात डॅशबोर्डमागे भट्टी असते, आणि ८० अंशांना पाय आपला वेग कमी करायला लागतो. सीटखाली गार राहील, पण पावसाळ्यात कुर्ल्याला एलबीएस रोडवर पाणी भरलं की पहिला बळी तोच.

शिवाय भाच्याचं टुमणं आहे की नुसतं वाचायचं कशाला, स्पीडुइनो (घरी जोडायचा इंजिन कंट्रोलर) लावून पेट्रोलचं मॅपिंगही, म्हणजे कधी किती पेट्रोल सोडायचं तेही, आपणच करू. यावरही बोला.

—

बॉडीअर्थ: मॉड्यूलला दोष देण्याआधी मल्टिमीटर लावा. बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना चावी एसीसीची लाइन (स्टिरिओ, लायटर वगैरेंना चावीवरून मिळणारी वीज) तोडते, स्टार्टरला पुरता करंट मिळावा म्हणून. लायटर सॉकेटवर त्या क्षणी शून्य दिसलं तर कितीही महाग कन्व्हर्टर लावा, पाय पडणारच. आठ-नऊ व्होल्ट टिकत असतील तर मॉड्यूल आणि वायर तपासा. पाय ४ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा सप्लाय लागतो आणि ४.६३च्या खाली गेला की तो कुरकुरतो. एलएम२५९६ कागदावर ३ अँपिअरचं असलं तरी बंद डब्यात तेवढ्या भरवशाचं नाही.

शून्य आलं तर पायला वीज बॅटरीच्या कायम चालू लाइनवरून द्या. ५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या टोकाला, कन्व्हर्टरच्या आधी व्होल्टेजचे झटके गिळणारा टीव्हीएस डायोड. एसीसीची वायर फक्त निरोप्या. ती ऑप्टोकपलरमधून (वायर न जोडता प्रकाशाने इशारा पोचवणारा भाग) जीपीआयओला, म्हणजे पायच्या इशाऱ्याच्या पिनांना, न्या, थेट नको, त्या पिनांना ३.३ व्होल्टपेक्षा जास्त सोसत नाही. एसीसी गेली की वीसेक सेकंद वाट बघून शटडाउन, म्हणजे सेल्फच्या वेळी फसगत नाही. शेवटी वीज तोडायचं काम मात्र पायवर सोडू नका. एसीसी गेल्यावर दोन मिनिटांनी सुटणारा टायमर रिले लावा. तुमचा कोड अडकला तरी तो लाइन तोडेलच.

कार्डासाठी रास्पी-कॉन्फिगमध्ये ओव्हरले फाइलसिस्टिम चालू करा, म्हणजे कार्डावर काही लिहिलंच जात नाही. गाणी वेगळ्या पेनड्राइव्हवर, रीड-ओन्ली.

टॅपेट: डबा ग्लव्ह बॉक्सच्या मागे, फायरवॉलपासून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) लांब. अ‍ॅल्युमिनियमची केस घ्या, तीच हीटसिंक होते. सीटखाली अजिबात नको.

भाच्याला हिशेब घाला: ६००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो. हे काम पायकडे दिलं, तर त्यावरचं लिनक्स गाण्याचं कव्हर शोधण्यात तेवढा वेळ सहज घालवेल, आणि ठिणगी भलत्याच जागी पडेल. स्पीडुइनो म्हणून तर वेगळ्या मायक्रोकंट्रोलरवर चालतो. पण रोजच्या, पीयूसी लागणाऱ्या गाडीचा चालता ईसीयू (कंपनीचा इंजिन कंट्रोलर) काढण्यात अर्थ नाही. त्याला शिकायचंच असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून एखादं जुनं इंजिन आणून स्टँडवर चढवा.

धागाकर्ता: आभार दोघांचेही. मीटर लावला, सेल्फ मारताना एसीसी सरळ शून्यावर. उद्या वायरिंग बदलतो. भाचा रुसलाय, पण स्टँडवरच्या इंजिनाची कल्पना त्याला भलतीच आवडलीय (ठेवणार कुठे, हा प्रश्न त्याच्या आईने विचारावा).

एक शंका. पेट्रोल पंपावर मिनिटभर चावी बंद केली. विसाव्या सेकंदाला पाय झोपला, रिले अजून सुटलेला नाही, आणि मी परत चावी फिरवली. वीज तर गेलीच नाही, मग पाय उठणार कसा?

बॉडीअर्थ: बरोबर पकडलंत. थांबलेला पाय ४ जीपीआयओ ३ ग्राउंडला टेकवली की परत सुरू होतो. पाचव्या पिनेवर (जीपीआयओ ३ तीच) ग्राउंडशी जोडलेलं एक पुश बटण आधी लावून बघा, डॅशवर दिसणार नाही असं. ते चाललं की तोच इशारा एसीसी आल्यावर क्षणभर आपोआप मिळेल अशी सोय करता येईल. टचस्क्रीन आय-टू-सी (दोन वायरींची जोडणी, तिला हीच पिन लागते) वापरणारी असेल तर मात्र ही पिन मोकळी नसेल, ते आधी पाहा.